डावीकडे चार

सड्यावरच्या रेंजला कुंपण नव्हतं, आडोसा नव्हता आणि झाड म्हणावं असं एकही झाड नव्हतं. होता तो नुसता वारा. कोल्हापूरपासून तासाभरावरचं हे कातळाचं पठार नेमबाजीच्या क्लबनं भाड्यानं घेतलं, तेव्हा आसपासच्या गावांतले लोक पोट धरून हसले होते. जिथं शेळ्या टिकत नाहीत तिथं ही शहाणी माणसं हजार मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायला चालली! पण लांब पल्ल्याच्या नेमबाजीत सगळं भांडण वाऱ्याशीच असतं. गोळीला तेवढं अंतर कापायला दीडएक सेकंद लागतो, आणि तेवढ्यात साधी झुळूकसुद्धा तिला चार-सहा बोटं बाजूला ढकलते.

म्हणून या खेळात माणसं जोडीनं उतरतात. एक जण रायफलमागे पालथा पडतो. दुसरा शेजारी पडून तिपाईवरच्या दुर्बिणीतून वाटेवरचे झेंडे आणि तापल्या कातळावरून थरथरत उठणारी हवा वाचतो आणि सांगतो, 'डावीकडे तीन.' मग रायफलवाला स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीचा, नॉब तीन क्लिक फिरवतो. एक क्लिक म्हणजे तिकडे, टार्गेटवर, साधारण दोन बोटं. नियम एकच, आणि तो कुठं लिहिलेला नाही: रायफलवाल्यानं झेंड्यांकडे बघायचं नाही. बघितलं की डोक्यात दुसरा आकडा येतो, आणि दोन आकड्यांच्या मधे बोट अडकलं की गोळी वाया गेलीच म्हणून समजा.

हर्षदावहिनी इंगवले कधीही बघत नसत. राष्ट्रीय स्पर्धांची पदकं त्यांच्या दिवाणखान्यात धूळ खात पडली होती, पण झेंडा बघून वारा किती हे त्यांना आजही सांगता आलं नसतं. ते काम सुचेताचं.

सुचेता त्यांची धाकटी नणंद. इस्लामपूरचा संसार मोडून ती माहेरी परत आली, तेव्हा तिच्याशी काय बोलावं हेच घरात कुणाला कळत नव्हतं. जो तो तिला 'जेव' म्हणायचा. वहिनींनी मात्र एका सकाळी तिला जीपमध्ये घातलं, सड्यावर आणलं आणि शेजारी चटई अंथरून म्हणाल्या, "पड हितं. वारा बघायला शीक. मला कुणीतरी आपलं माणूस पाहिजे." तेव्हापासून सुचेता त्यांच्या उजव्या हाताला पडत आली होती. या जगात आपली म्हणून एवढीच जागा आहे, एका चटईएवढी, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं.

आज त्या जागेवरच गदा आली होती.

जुन्या स्कोपच्या नॉबचे दात झिजले होते. जागतिक स्पर्धेच्या निवडचाचण्या तोंडावर आल्या होत्या; वहिनींचं वय बघता ही बहुधा शेवटचीच संधी. नवा स्कोप घेणं भागच होतं. त्यातच यंदापासून वारा वाचणारे स्कोप स्पर्धांना चालतील असा नियम झाला होता, आणि बोधनकर नावाचे एक प्रकाशशास्त्राचे इंजिनिअर पुण्याहून तीन स्कोप घेऊन सड्यावर हजर झाले होते. टेबलावर निळं मखमली कापड अंथरून त्यांनी ते असे मांडले की जणू मुलगी बघायचा कार्यक्रम.

"मी काय म्हणतो," वहिनी म्हणाल्या, "आधी मी साध्यातनं बघतो, मग भारीतनं."

बोधनकरांनी चमकून बघितलं. कोल्हापुरात बायकाही 'येतो, जातो' म्हणतात हे त्यांना निघताना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

पहिल्या स्कोपची काच चांगली, पण झूम पूर्ण वाढवला की चित्र दुधाळ व्हायचं. वहिनींनी तो लगेच बाजूला केला. दुसरा जाडजूड, काळा, त्यात बॅटरी नावालाही नाही. त्याचा नॉब वहिनींनी डोळे मिटून फिरवला. टक्. टक्. टक्. प्रत्येक क्लिक सुटी, कोरडी, दोन चटया पलीकडेही ऐकू जाईल अशी.

"ह्याची क्लिक बोटाला लागती बघ," त्या म्हणाल्या. "अंधारात मोजली तरी चुकायची न्हाई."

"हाच घ्या की मग," सुचेता पटकन बोलून गेली. जरा जास्तच पटकन.

"अगं, तिसरा तरी दाखवू दे त्यांना."

तिसऱ्याचं नाव 'वायुदर्शी'. दिसायला तो दुसऱ्यासारखाच, फक्त पुढच्या भिंगाखाली एक लहानशी खिडकी होती. बोधनकर तिच्यावर बोट ठेवून समजावू लागले, आणि समजावण्यात त्यांचा हातखंडा होता हे सुचेताला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. या खिडकीतून न दिसणारा प्रकाश जातो. हवेतल्या धुळीच्या कणांवर आपटून त्यातला थोडासा परत येतो. गाडी जवळ येताना तिचा हॉर्न चढा ऐकू येतो आणि लांब जाताना उतरता, तसाच वाहत्या धुळीवरून परतलेला प्रकाशही किंचित बदललेला असतो. त्या बदलावरून धूळ किती वेगानं वाहते आहे ते कळतं, म्हणजेच वारा कळतो. गोळीच्या वाटेवर दहा ठिकाणचा वारा मोजून स्कोप एकच आकडा डोळ्यासमोर लिहितो.

"आणि तो चुकत नाही," बोधनकर म्हणाले.

सुचेताला त्या वाक्याची भीती वाटली. जागा जाईल म्हणून वाटली, हे खरं; पण तेवढंच खरं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत वहिनींच्या गोळ्या उजवीकडे झुकू लागल्या होत्या. थोड्याच, एक-दोन क्लिकनं. वारा तर सुचेतानं बरोबर वाचला होता. घोडा ओढताना हात ओढला जात असेल, वय झालं की व्हायचंच, असं तिला वाटलं. ऐन स्पर्धेत नेमबाजाचे दोष काढायचे नसतात, त्यानं माणूस ढासळतो. म्हणून तिनं काय केलं, तर तो दोष वाऱ्यात घातला. वारा तीन असताना पाच सांगितले. गोळी बरोब्बर मधे. वहिनींनी सगळ्यांदेखत तिला मिठी मारली, "काय वारा सांगितलास गं आज!"

मग कुठल्या तोंडानं सांगणार?

इथं रायफल लोखंडी शिकंज्यात आवळून स्कोपचं शून्य बांधायची, म्हणजे वारा नसेल तर गोळी नेमावरच जाईल असा तो बसवायची, पद्धत होती. त्यामुळे नेमबाजाचा दोष शून्यात कधी उतरायचाच नाही. उतरायचा तो फक्त वाऱ्यात, आणि वारा एकट्या सुचेताला दिसायचा. दोन क्लिकांचे तीन झाले, तिनाचे पाच. यंदाच्या उन्हाळ्यात सात झाले होते. गोळी सुटल्याबरोबर नेमबाजानं ती कुठं गेली असेल ते आधी बोलायचं असतं. वहिनी दर वेळी म्हणायच्या, "मधेच," आणि शेजारच्या टार्गेट दाखवणाऱ्या पडद्यावर ठिपका मधेच उमटायचा. सुचेताला त्याचा आनंद व्हायचा आणि भीतीही वाटायची. भीती वाढली तसं तिनं विचार करणं कमी केलं.

वहिनींनी थर्मासमधला चहा ओतला आणि सुचेताला हाताला धरून जीपच्या आडोशाला नेलं. हळू आवाजात म्हणाल्या, "मी दुसराच घेतो. त्या माणसाला वाईट वाटाय नको म्हणून जरा वेळ बघितल्यासारखं करतो."

"का? वारा सांगणारा चांगला हाय की."

"मग तू काय करशील? घरात बसून भाजी निवडशील?" वहिनी हसल्या. "मला वारा सांगणारी घरची हाय. ती चुकत न्हाई."

सुचेता चहा पीत राहिली. सुटले, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पुढं जे झालं ते आठवताना तिला सगळ्यात जास्त लाज या क्षणाची वाटायची.

टेबलाशी परत आल्यावर बोधनकरांनी सहज म्हणून वायुदर्शी तिच्यापुढे केला. "ताई, तुम्ही बघा. याची अर्धी गंमत तर मागच्या बाजूला आहे." तिनं एक डोळा लावला आणि बोधनकरांच्या हातातल्या छोट्या पडद्यावर केशरी रंगाची एक तबकडी उमटली, तीत नदीच्या फाट्यांसारख्या शिरा.

"हा तुमच्या डोळ्याचा मागचा पडदा. तुमचा डोळा सरळ रेषेत आहे का ते बघायला स्कोप आत डोकावतो. ही मधली गडद जागा आहे ना, तिनंच आपण बारीक बघतो. स्कोपमधल्या फुलीचा मध्य, सुईत दोरा, सगळं तिनं. ती जागा आजारी पडली तर मधलं दिसेनासं होतं, पण माणसाला ते कळत नाही. मेंदू भोक बुजवून टाकतो. आजूबाजूच्या रेषांवरून अंदाजानं मधला ठिपका काढून दाखवतो. दुसरा डोळा चांगला असला की रोजच्या व्यवहारात काहीच अडत नाही. आमच्याकडे एक नेमबाज आले होते. त्यांची फुली टार्गेटच्या बाजूला पडत होती, आणि ते शपथेवर सांगत होते की मधे आहे."

"कुठल्या बाजूला?" सुचेतानं विचारलं. तिचा एक डोळा अजून स्कोपलाच होता.

"ते ज्याच्या-त्याच्या डोळ्यावर. पण एकाच्या बाबतीत बाजू तीच राहते. आणि हळूहळू वाढत जातं."

"उपाय असतोय का त्याला?"

"लवकर कळलं तर असतो ना. डोळ्यात इंजेक्शनं देतात. उशीर झाला की आत वण धरतो. मग नाही काही."

सुचेतानं डोळा काढला. ऊन इतकं होतं की टेबल, मखमल, बोधनकर, काही नीट दिसेना. वहिनी दुसऱ्या स्कोपचा नॉब फिरवत उभ्या होत्या. टक्, टक्, खुशीत. आता गप्प बसलं तर सगळं होतं तसंच राहणार होतं. चटई राहणार होती.

"वहिनी," ती म्हणाली, "तिसऱ्यातनं चार गोळ्या मारून तरी बघा."

"आता कशाला गं?"

"बघा की. मी म्हणतो म्हणून."

वहिनींनी तिच्याकडे नवलानं पाहिलं, खांदे उडवले आणि तयार झाल्या. शिकंज्यात रायफल आवळून शून्य बांधलं गेलं. चटया अंथरल्या. सुचेता आपल्या जागी पालथी पडली, दुर्बिणीला डोळा लावला. झेंडे डावीकडून उजवीकडे अर्धे उचललेले. चार. तिला हे असं नुसतं दिसायचं, जसं दुसऱ्याला घड्याळात किती वाजले ते दिसतं.

"चार सांगतोय हा," वहिनी म्हणाल्या आणि नॉब फिरवला. श्वास सोडला. आवाज कातळावरून घरंगळत गेला.

"मधेच," वहिनी म्हणाल्या.

पडद्यावर ठिपका उमटला. उजवीकडे, वीतभर बाहेर.

"आं?" त्यांनी पुन्हा मारली. "मधेच." पुन्हा तिथंच, पहिल्या ठिपक्याला चिकटून.

वहिनी कोपरावर उठल्या. त्यांना राग आला नव्हता, उलट त्यांच्या आवाजात एक मजा होती. "बोधनकरसाहेब, तुमच्या यंत्राला पुण्याचा वारा कळत असंल. सड्याचा कळंना झालाय." मग मान न वळवता, नेहमीसारखं: "सुचे, तू सांग गं वारा. दाखव त्यास्नी."

बोधनकर हातातल्या पडद्याकडे बघत उभे होते. सुचेताच्या जिभेवर अकरा आला होता. चार आणि सात, अकरा. तेवढं म्हटलं की गोळी मधे बसणार, यंत्र खोटं पडणार, बोधनकर मखमल गुंडाळून पुण्याला जाणार. वारा बदलला नव्हता. झेंडे तसेच होते, अर्धे उचललेले.

"चार," ती म्हणाली.

वहिनींचा हात नॉबवर थांबला. "चार तर हाईतच की ह्याच्यावर."

"चारच हाय वारा, वहिनी. डावीकडे चार."

 मग त्यांनी गोळी भरली, गाल लाकडावर टेकवला, आणि झाडली. या वेळी त्या 'मधेच' म्हणाल्या नाहीत. ठिपका त्याच दोघांच्या शेजारी जाऊन बसला.

वहिनींनी रिकामं काडतूस काढून बाजूला ठेवलं.

"मग इतके दिवस?" वहिनींनी विचारलं.

"वाढवून सांगत होतो."

"किती?"

"आता सात. आधी कमी होतं."

"कधीपास्नं?"

सुचेतानं त्या स्पर्धेचं नाव सांगितलं. ज्या स्पर्धेत त्यांनी तिला मिठी मारली होती, तिचं. वहिनींनी रायफलवरून हात काढला आणि तो चटईवर असा ठेवला जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

बोधनकर खाली बसले. त्यांनी हातातला पडदा पुढे केला. वहिनींच्या उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, मधोमध, सुचेताच्या चित्रात गडद जागा होती तिथं एक राखाडी डाग पसरला होता.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही. वण धरला आहे. डावा डोळा सध्या चांगला आहे, पण त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल. उजव्याला इंजेक्शनं वेळेवर मिळाली असती तर बरीचशी नजर टिकली असती. वहिनींनी शांतपणे विचारलं, "वेळेवर म्हंजे कधी?" डॉक्टर म्हणाले, पहिल्या एक-दोन वर्षांत. घरच्या कुणाच्या काही लक्षात नाही आलं का, असं त्यांनी सहज पुढं विचारलं. सुचेता दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. वहिनी म्हणाल्या, "न्हाई, कुणाच्या न्हाई."

त्या एका वाक्यानं सुचेताला वाचवलं आणि तिथंच पुरलंही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला काय ठाऊक तो डोळा आहे, मला वाटलं हात आहे, असं ती त्या रात्री स्वयंपाकघरात रडत रडत म्हणाली. वहिनींनी ऐकून घेतलं. "हात असता तरी सांगायचं की गं," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

बोधनकरांचा फोन आला. माणूस भला होता. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, वायुदर्शी हे सांभाळून घेईल. डोळ्याची चूक किती आहे ते त्याला कळलंय. तो फुलीच तेवढी सरकवून दाखवेल. डोळा बिघडेल तसतशी आणखी सरकवेल. नियमात बसतं. तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही. निवडचाचणी आरामात पार होईल.

वहिनींनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, त्यामुळे सुचेतानंही ते सगळं ऐकलं.

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "असलं यंत्र आमच्या घरात आधीच होतं. तो दुसरा काळा द्या पाठवून."

निवडचाचण्या आल्या आणि गेल्या. वहिनींनी नाव मागे घेतलं. रायफलचं लाकूड डाव्या खांद्याचं करून घेतलं आणि पन्नाशीला टेकलेल्या वयात त्या डाव्या डोळ्यानं, डाव्या बोटानं, अगदी पहिल्यापासून शिकायला लागल्या. आधी शंभर मीटर, मग तीनशे. या काळात त्यांनी सुचेताला बरोबर नेलं नाही. 'जवळच्याला वारा लागत न्हाई,' म्हणायच्या. खरंच लागत नाही. सुचेता घरात भाजी निवडायची.

पावसाळा उलटून कातळावर गवत पिवळं पडलं, तेव्हा एका सकाळी त्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "चल. हजारावर जातो आज."

सुचेता जीपमध्ये बसली.  सड्यावर पोचल्यावर तिनं दोन चटया अंथरल्या. आपली उजवीकडे अंथरली, मग आठवून उचलली आणि डावीकडे नेली. वहिनी पालथ्या पडल्या. काळ्या स्कोपचं झाकण उघडलं. टार्गेटचा पडदा त्यांनी आज लावलाच नव्हता. सुचेतानं तिपाई रोवली आणि दुर्बिणीला डोळा लावला. किती महिन्यांनी ते झेंडे दिसले. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसून तिला पुन्हा पहिल्यापासून बघावं लागलं.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"डावीकडे तीन."

नॉब फिरल्याचा आवाज आला नाही. सुचेतानं हळूच बाजूला बघितलं. वहिनींनी गाल लाकडावरून उचलला होता. मान उंच करून, डोळा बारीक करून, त्या झेंड्यांकडे बघत होत्या. पहिल्याकडे, मग मधल्याकडे, मग लांबच्याकडे. वारा वाचायला त्या कधी शिकल्याच नव्हत्या. ते झेंडे त्यांना काहीच सांगत नव्हते, हे सुचेताला त्यांच्या कपाळावरच्या आठीवरून दिसत होतं. तरी त्या बघत राहिल्या.

"किती म्हणालीस?"

"तीन. खरंच तीन हाय, वहिनी."

वहिनींनी गाल टेकवला आणि हात नॉबवर नेला. टक्. टक्. सुचेता तिसऱ्याची वाट बघत राहिली. हात खाली आला आणि घोड्यावर गेला.

आवाज घरंगळत लांब गेला. "मधेच न्हाई बसली," वहिनी म्हणाल्या. "कुठं गेली?"

सुचेतानं दुर्बिणीतून नीट बघितलं. हल्ली ती सगळं दोनदा बघायची.

"उजवीकडे," ती म्हणाली. "एका क्लिकनं."

वहिनींनी पुढची गोळी भरली.